योहान, जॉन आणि जुवांव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव-खानापूर भागात ख्रिस्ती मुलासाठी नाव शोधताना एकच नाव तीन रूपांत समोर येते आणि ती वेगळी नावे समजली जातात. मराठी बायबलमधला योहान, इंग्रजी जॉन आणि गोव्याकडून आलेला जुवांव एकच. मूळ हिब्रू योहानान, अर्थ 'यहोवा कृपाळू आहे'. जुझे म्हणजे योसेफ, 'तो आणखी देवो'. पेद्रू म्हणजे पेत्र, ग्रीकमध्ये खडक. अरामी 'केफा'चे ते भाषांतर. थॉमस म्हणजे जुळा. झेवियर मात्र बायबलमधले नावच नव्हे. संत फ्रान्सिस यांचे ते जन्मगाव, बास्क भाषेत 'नवे घर'. किती सुंदर अर्थ!

घोटाळा होतो कागदावर. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक रूप, जन्मदाखल्यावर दुसरे, शाळेत तिसरे. मग पासपोर्ट अडतो. जन्मनोंदीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बाप्तिस्म्याआधीच इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून ठेवावे, तेच सगळीकडे द्यावे, आणि दाखला हाती घेण्यापूर्वी त्यावरचे कन्नड नाव जाणकाराकडून वाचून घ्यावे.

— एक वाचक, खानापूर