दिव्यांग डब्यातली ‘धडधाकट’ पोर माझी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं, लोकलच्या दिव्यांग डब्यात घुसणाऱ्यांबद्दल. त्यात एक वाक्य होतं की धडधाकट बाया धडधाकट पोरं कडेवर घेऊन बिनदिक्कत चढतात आणि वर भांडतात. सासूबाई सकाळी पेपर मोठ्याने वाचतात, ते वाक्य वाचलं आणि त्या गप्पच बसल्या, कारण ती बाई मी आहे. म्हणजे त्या काकांनी पाहिली ती नेमकी मीच असेन असं नाही पण विक्रोळीहून परळला सकाळच्या स्लो लोकलने मी त्याच डब्यात असते, पाच वर्षांची लेक कडेवर असते, आणि हो, एकदोनदा माझा आवाजही चढलाय.

काकांचा राग मला कळतो. कुबड्या घेऊन घाटकोपरला त्या गर्दीत चढायचं आणि आत बघावं तर चांगले हट्टेकट्टे लोक दार अडवून मोबाईल बघत उभे, हे मी पण रोज बघते. म्हणून हे भांडायला लिहीत नाहीये. माझी पोर धडधाकट दिसते तेवढंच, आणि ती दिसते तशी का नाहीये ते सांगायला डब्यात दोन स्टेशनांचा वेळ पुरत नाही.

तिच्या आजाराचं नाव व्हॅक्टर्ल. खरं तर नाव म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं जुळवलेली आहेत, मणका, शौचाची जागा, हृदय, श्वासनलिका-अन्ननलिका, किडनी आणि हातपाय. गर्भाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत हे सगळं घडत असतं आणि तेव्हाच कुठेतरी बिघडतं, यातल्या निदान तीन गोष्टी एकत्र असल्या की हे नाव देतात. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी पहिलं वर्ष हाच विचार करत काढलं की मी काय चुकले, कारण दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईने विचारलं की ग्रहण पाळलं होतंस ना, काही चिरलं कापलं नव्हतंस ना. प्लीज, कुणाच्याही घरी असं बाळ झालं तर त्या आईला हे विचारू नका. कुणीच विचारू नका.

जन्मली त्या रात्री तोंडातून सारखा फेस येत होता, सिस्टरने नळी घालून बघितली तर ती आत जाईचना. अन्ननलिका मध्येच बंद होती आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. शौचाची जागाच नव्हती म्हणून पोटावर पिशवी, मग ती जागा तयार करायचं ऑपरेशन, मग पिशवी बंद करायचं. हृदयाला भोक, ते आपोआप लहान होत गेलं, देवाची कृपा. किडनी एकच आहे आणि लघवी उलटी वर चढते, शिवाय पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला दोष असल्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून दर तीन-चार तासांनी मी तिला नळी लावून लघवी काढते. डाव्या हाताचा अंगठा बारीक आहे. बुद्धीला काहीही झालेलं नाही, उलट घरातल्या सगळ्यांच्या वस्तू कुठे ठेवल्यात ते तिलाच माहीत असतं.

आता तो खोकला. जोडलेल्या ठिकाणी श्वासनलिका मऊ राहते, त्यामुळे तिचा खोकला भुंकल्यासारखा येतो, आख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा. करोनानंतर तर लोक असे बघतात की विचारू नका, एका ताईंनी पदर नाकाला लावून म्हटलं की आजारी पोर घेऊन गर्दीत कशाला आणता. तो खोकला कुणाला लागत नाही हो. तो तिच्या श्वासनलिकेचा आवाज आहे, सर्दी नसताना पण येतो, हसली तरी येतो. आणि लेडीज डब्यात चेंगरलं तर तिला खरोखर श्वास घेता येत नाही, म्हणून मी दिव्यांग डब्यात चढते.

मग सर्टिफिकेट का काढत नाही, असं एका टीसीने दंड घेताना विचारलं. काढायला गेले होते की. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते, म्हणजे यादी वाढली ही चांगलीच गोष्ट आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार पण आता त्यात आहेत. पण अन्ननलिका त्यात नाही, शौच-लघवीचा ताबा नसणं त्यात नाही, किडनी नाही. आमची सगळी फाईल बघून तिथल्या डॉक्टरांनी शेवटी फक्त तिचा अंगठा मोजला. हातपायांच्या कॉलमात अंगठा बसतो म्हणून. त्याचे टक्के चाळीसच्या खाली आले आणि चाळीसच्या खाली म्हणजे त्या कार्डाचा फारसा उपयोग नाही. जो अंगठा आम्हाला सगळ्यात कमी त्रास देतो, ज्याने ती मस्त चित्रं काढते, तेवढाच सरकारला दिसला. त्या डॉक्टरांची चूक नाही, ते म्हणाले ताई माझ्याकडे दुसरा कॉलमच नाहीये.

कॅन्सरच्या पेशंटना आणि गरोदर बायकांना त्या डब्यातून जायची परवानगी आहे, ती बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की हॉस्पिटलच्या लेटरवर लहान पेशंट आणि सोबतचं एक माणूस, फक्त ओपीडीच्या तारखेपुरतं, एवढं तरी रेल्वेला करता येईल ना? तारीख तर केसपेपरवर छापलेलीच असते. आणि केंद्र सरकारला त्या २१ च्या यादीत भर घालता येते, तशी सोय कायद्यातच आहे, मग एकेका अवयवाचे टक्के न मोजता आख्खं मूल बघून ठरवायची काहीतरी पद्धत का असू नये.

तारखांचं पण सांगते, कारण डब्यात एवढ्या वेळा चढावं लागतं ते तारखांमुळेच. सर्जरीची ओपीडी सोमवारी, किडनीची मंगळवारी, हृदयाची गुरुवारी, छातीची वेगळी, मणक्याची वेगळी. आमचं हॉस्पिटल कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या लोकांनी माझी पोर जगवलीये आणि मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण परळला हाकेच्या अंतरावर केईएम, टाटा, वाडिया, सगळ्या देशातून लोक तिथे येतात, आणि बाकावर शेजारी बसलेली जालन्याची एक आई मला सांगत होती की दोन ओपीडींमध्ये तीन दिवसांचं अंतर म्हणून ती बाळाला घेऊन तीन रात्री फुटपाथवर झोपली. मला निदान विक्रोळीला घर आहे.

प्रत्येक डॉक्टर आपापला भाग नीट बघतात. सगळे भाग एका जागी फक्त माझ्याकडे असतात, दोन किलोच्या फाईलमध्ये आणि डोक्यात. एकदा ताप आला म्हणून जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं तर आयब्युप्रोफेन असलेलं सिरप लिहून दिलं, मी म्हटलं हिला एकच किडनी आहे, हे चालत नाही. डॉक्टर चांगले होते, लगेच खोडलं. पण त्या दिवशी माझ्याऐवजी शेजारची मावशी घेऊन गेली असती तर? मी बारावी पास आहे, कॉमर्स.

अन्ननलिका जोडाजवळ आकसते म्हणून मधूनमधून भूल देऊन ती रुंद करावी लागते. मागच्या वर्षी त्याची तारीख आणि मूत्राशयाच्या तपासणीची तारीख बारा दिवसांच्या अंतराने आली, म्हणजे दोनदा उपाशी ठेवायचं, दोनदा सुई, दोनदा भूल, आणि भूल देताना तिची ती मऊ श्वासनलिका म्हणजे माझा जीव टांगणीला. एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होती, तिने स्वतः उठून दुसऱ्या डिपार्टमेंटला फोन लावला आणि दोन्ही एकाच भुलीत करून घेतलं. फोनला पाच मिनिटं पण लागली नसतील. मी तिच्या पायाच पडले, ती बिचारी ओशाळली. माझं मागणं तेच आहे, अशा मुलांसाठी महिन्यातून एक दिवस सगळ्यांची एकत्र ओपीडी, आणि एक माणूस, नर्स असो की डॉक्टर, ज्याला आख्खं मूल माहीत आहे. पाच मिनिटांचा फोन नशिबावर नको.

घरी कसं चालतं ते पण लिहिते, कारण लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो. मोठी ऑपरेशनं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झाली, कागद जमवताना दमछाक झाली पण पैसा लागला नाही. पुढे रोज लागतात त्या नळ्या, जेली, ग्लोव्हज, डायपर, पोट धुवायचं सामान, रोजची अँटिबायोटिक आणि ॲसिडिटीची औषधं, हे सगळं पगारातून. मिस्टर खासगी कंपनीत शिफ्टला आहेत. माझी नोकरी ती जन्मल्यावर सुटली. आमच्या म्हाडाच्या जुन्या घरात बाथरूम एक आणि माणसं पाच, रात्री आठ ते नऊ बाथरूम तिचं असतं, तेव्हा सलाईनच्या पाण्याने पोट साफ करायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत कपडे खराब होत नाहीत. हे काम सासूबाईंनी माझ्या आधी शिकून घेतलं. ग्रहणाचं विचारणाऱ्यांत पहिल्या त्याच होत्या, आणि आज तिला स्टुलावर बसवून तासभर गोष्टी सांगत बसणाऱ्या पण त्याच.

खाणं तर एक वेगळाच विषय आहे. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट, भाकरी नाही, कोरडी चपाती नाही, सफरचंद साल काढून शिजवून. गेल्या गणपतीत आरतीनंतर एका पाहुण्यांनी कौतुकाने तिच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला, मी नको नको म्हणेपर्यंत. म्हणाले जरा खाऊ द्या हो, तुम्ही फार जपता. तो तुकडा अडकला, तिला थुंकी पण गिळता येईना, रात्री दोन वाजता दुर्बिणीने काढला. थोरला नऊ वर्षांचा आहे, त्या रात्री तो शेजाऱ्यांकडे झोपला. त्यानंतर तो तिच्या शेजारी बसून जेवतो आणि ती किती घोट प्यायली ते मनात मोजतो, त्याचे ओठ हलताना दिसतात. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही आणि त्याच्या वयाच्या पोराने हे करावं असं मला अजिबात वाटत नाही, पण त्याला थांबवू कसं ते पण कळत नाही.

शाळेचं थोडक्यात. दोन शाळांनी ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून परत पाठवलं, तिसरीने घेतलं. साडेदहाला मी जाते, मधल्या सुट्टीत बाईंच्या खोलीत दार लावून नळी लावते, साबणाने हात धुतलेले आणि पाच मिनिटं, बस्स. तिच्या वर्गबाई आता म्हणतायत की मला शिकवा, तुम्ही नसलात तर. हे ऐकून मी शाळेच्या गेटवर रडले.

तर त्या पत्र लिहिणाऱ्या काकांना सांगायचंय, येत्या मंगळवारी किडनीची ओपीडी आहे. आम्ही विक्रोळीहून पावणेआठच्या आसपासची स्लो पकडू, माझ्या पाठीवर मोठी निळी बॅग असेल आणि खोकला ऐकूनच तुम्हाला कळेल. तुम्ही असाल तर जरूर विचारा, मी फाईल उघडून दाखवेन. आणि तुम्ही उभे असाल तर मी तिला मांडीवर घेईन, तिची सीट तुम्ही घ्या.

आपली,
एक आई
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)