भावाचं फ्रेंच आणि आमचं कन्नड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगाव भागातल्या पाट्यांवर कन्नड किती आणि मराठी किती, यावरची पत्रं आपल्या सदरात मी नेमानं वाचते. मला मात्र कागदांबद्दल लिहायचंय, आणि त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

माझा धाकटा भाऊ बेळगावात इंजिनिअर झाला, कॅलिफोर्नियाला गेला, तिथलाच नागरिक झाला. निवृत्तीनंतर तो आणि माझी अमेरिकन भावजय दक्षिण फ्रान्समध्ये, गार जिल्ह्यात उझेसजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. द्राक्षमळे, दगडी घरं, आणि मिस्त्राल नावाचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे शेजारच्या अंगणात. यंदा एप्रिल ते जून मी त्यांच्याकडे होते. व्हिसासाठी 'ही बाई माझ्या घरी उतरणार आहे' असा दाखला भावाला गावच्या महापौर कचेरीतून आणावा लागला, 30 युरोंचं तिकीट लावून. खेड्यालाही महापौर असतो तिथे. आपली ग्रामपंचायतच म्हणा.

गावात भावाला 'अमेरिकन' म्हणतात. खानापूर तालुक्यातला, भाकरी-झुणक्यावर वाढलेला आमचा धाकटा, अमेरिकन! पहिल्या आठवड्यात त्यानं बेकरीत जाऊन थेट पाव मागितला, तर बाई नुसती बघत उभी राहिली. आधी 'बाँजूर' म्हणायचं असतं. आता तो दारातूनच बाँजूर ओरडतो. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी बेकरीच बंद. महिन्याच्या पहिल्या बुधवारी भर दुपारी भोंगा वाजला तेव्हा मी घाबरून बाहेर धावले. ती नुसती भोंग्याची चाचणी होती.

पण गंमत सोडून सांगते, परक्या मुलखात राहणं म्हणजे कागद. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेला कराचं विवरण देतोच. परदेशी खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर गेलं की त्याचा वेगळा अर्ज. या अमेरिकी नियमांच्या कटकटीपायी तिथल्या एका बँकेनं त्याचं खातंच उघडलं नाही. वर मे महिन्यात फ्रेंच सरकारचं विवरण. प्रत्येक अर्जाला राहत्या पत्त्याचा पुरावा, तोही तीन महिन्यांच्या आतला, म्हणून विजेच्या बिलाची फाईल देव्हाऱ्याशेजारी. काही अमेरिकी राज्यांचं लायसन्स तिथे बदलून मिळतं, कॅलिफोर्नियाचं मिळत नाही. पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस वर्षाच्या आत पुन्हा परीक्षेला बसतो, तीही फ्रेंचमध्ये. 40 प्रश्न, 35 बरोबर यावे लागतात. पहिल्या खेपेला 31 आले. "अक्का, शाळेत कन्नडच्या तासाला मागच्या बाकावर बसायचो, त्याचं हे व्याज," म्हणाला. (आमच्याकडचं हे 'अक्का' मुळात कन्नडच, पण ते असो.)

मेमध्ये एके दिवशी मी त्याच्याबरोबर सरकारी मदत केंद्रात गेले. फ्रान्स सर्व्हिसेस नावाची ही केंद्रं खेड्यापाड्यांसाठी मुद्दाम काढली आहेत. कराचा कागद घेऊन आम्ही बसलो. समोरच्या मुलीनं इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. पण खुर्ची ओढून ती भावाच्या बाजूला आली, रकान्यावर बोट ठेवून सावकाश बोलत राहिली, आणि तो समजलं म्हणेपर्यंत तिनं त्याला सही करू दिली नाही. पाऊण तास गेला असेल. वास्तविक फ्रान्समध्ये राहण्याच्या त्याच्या प्रकारच्या वार्षिक परवान्याला फ्रेंच यायलाच हवं अशी अटही नाही.

मला तिथे बसल्या बसल्या माझी सही आठवली. 2019 मध्ये वडिलांच्या जमिनीची वारसा नोंद करताना आमच्याकडच्या एका कचेरीत माझ्यापुढे कन्नड कागद सरकवला गेला. "इथे सही करा." मी केली. एकतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेली बाई मी. नंतर कळलं की वारसांच्या यादीत माझंच नाव गळलं होतं, आणि ती यादी बरोबर असल्याबद्दल खाली माझीच सही. दुरुस्तीला अकरा महिने लागले. त्या कारकुनाला मराठी चांगलं येत होतं. चहाच्या टपरीवर तो मराठीतच बोलायचा.

कुणी म्हणेल, भावानं शिकलं तसं तुम्हीही कन्नड शिका. त्याच्यात आणि आमच्यात फरक आहे. तो स्वतःच्या मर्जीनं त्या गावात गेला. आम्ही कुठेच गेलो नाही. 1956 साली आमचा भाग मुंबई राज्यातून आजच्या कर्नाटकात गेला आणि आबांचा मराठी उतारा पुढे कन्नड पहाणी झाला. सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला 2004 पासूनचा दावा सुटावा असं मलाही वाटतं. पण तो सुटेपर्यंत कागद तर रोज येतात.

भाषा दामटण्यात फ्रेंचही काही कमी नाहीत. जूनमध्ये भावाच्या अमेरिकी लायसन्सची तिथली वर्षाची मुदत संपली. पुढची लेखी तो पास झाला होता, पण गाडी चालवायच्या परीक्षेची तारीख यायची होती, म्हणून शनिवारच्या बाजाराला आम्ही शेजारच्या म्हाताऱ्या द्राक्षवाल्याच्या गाडीतून जायचो. त्यानं सांगितलं, त्याच्या वडिलांच्या शाळेत गावची बोली बोलणाऱ्या पोराच्या हातात लाकडाचा तुकडा द्यायचे. त्यानं तो पुढच्या बोलणाऱ्याला द्यायचा, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे सापडेल त्याला शिक्षा. त्या बोलीच्या कवीला, फ्रेदेरिक मिस्त्रालला, 1904 साली नोबेल मिळालं. आता गावाच्या वेशीवर फ्रेंच नावाखाली जुन्या भाषेतलं नाव लावलंय. मी विचारलं, ते वाचतं कोण? म्हातारा म्हणाला, पर्यटक फोटो काढतात.

तेव्हापासून नुसत्या पाटीचं मला फारसं अप्रूप राहिलेलं नाही.

भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे केंद्रानं आणि राज्यांनी केव्हाच मान्य केलंय. तेवढं सगळं पदरात पडेल तेव्हा पडो. तोवर तालुक्याच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस, समजा बाजारच्या दिवशी, पहाणी आणि वारसाचे कागद मराठीतून वाचून दाखवायला एक माणूस बसवा. सहीच्या आधी, नंतर नव्हे. निवृत्त शिक्षक फुकट बसतील. माझं नाव पहिलं घ्या.

आणि आमच्या बाजूचंही बोलते. कन्नडचे शिक्षक नसले की तो तास मी गणिताला वापरायची, आणि कुणी पालक कधी तक्रार घेऊन आले नाहीत. उलट त्यांना बरंच वाटायचं. त्या वर्गातली मुलं आज चाळिशीची आहेत आणि तसलेच कागद माझ्याकडे वाचायला घेऊन येतात. मी जूनअखेर परतल्यापासून शेजारच्या कन्नड शाळेतल्या सातवीतल्या पोरीकडे अक्षरं गिरवते आहे. जोडाक्षरांना अडते. पोरगी फार कडक आहे, पाटी पुसायला लावते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव