बाजारभावाच्या पानावर आयोवाचा पाऊसही छापा

महोदय,
आपल्या अंकात अमेरिकेची बातमी म्हटली की न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नाहीतर कॅलिफोर्निया. मधला मुलूख, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना, आठवतो तो निवडणुकीपुरता. मी औसा तालुक्यात सोयाबीन घेतो. त्या मुलखातही सोयाबीनच पिकतं, म्हणून आमच्या मालाचा दर ऑगस्टमधल्या तिथल्या पावसावर हलतो. आयातशुल्क, हमीभाव हे आहेच. पण आपली सोयापेंड (तेल काढून उरलेला चोथा) परदेशी गिऱ्हाईक घेतं ते शिकागोच्या वायदेबाजारातला, म्हणजे पुढं द्यायच्या मालाचा आधीच ठरणारा, दर बघूनच.

आमचा अडत्याही सकाळी मोबाइलवर आधी शिकागो बघतो, मग तोंड उघडतो. तिथला वायदेबाजार १८४८ पासूनचा. आपल्याकडचे सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, तेव्हापासून तर पुढचा अंदाज बांधायला दुसरं काही उरलंच नाही. २०१२ मध्ये तिकडे दुष्काळ पडला आणि सोयाबीन बुशेलला सतरा डॉलरच्या वर गेलं. बुशेल हे तिकडचं माप, सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे सुमारे सव्वासत्तावीस किलो. हा हिशेब अडत्याला तोंडपाठ, आमच्यात विचारा किती जणांना येतो.

तो मुलूख नुसता शेतीचाही नाही. तिथली काळी माती नांगराला चिकटून बसायची, म्हणून इलिनॉयमधल्या जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी नांगर घडवला. त्याच्या नावाचे हिरवे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीत बनतात. इलिनॉयमधल्याच डेकेटर गावात १९२२ पासून सोयाबीनचं तेल गाळतात. पीक जिथं, कारखाना तिथंच.

तिकडच्या साडेतीनशे एकरवाल्याशी बरोबरी करायला मी निघालेलो नाही. त्याला मिळते ती माहिती मात्र आम्हालाही हवी. अमेरिकेचं कृषी खातं हंगामात दर सोमवारी कोणत्या राज्यात पीक कसं आहे ते टक्केवारीसकट जाहीर करतं, तेही फुकट. आपल्याकडे मंगळवार उजाडेपर्यंत ते व्यापाऱ्याच्या हातात असतं. शेतकरी माल घेऊन मोंढ्यावर जातो तो आंधळाच.

तेव्हा विनंती एवढीच: जून ते ऑक्टोबर, दर बुधवारी, बाजारभावाच्या खाली चार ओळी द्या. आयोवा-इलिनॉयमध्ये पाऊस कसा झाला, शेंगा भरल्या का, आणि शिकागोचा बंद भाव क्विंटलला रुपयांत किती. जागेची अडचण असेल तर सोन्याच्या दराची चौकट थोडी लहान करा, आमची तक्रार नाही.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. औसा, जि. लातूर