आखाजीच्या आधी कोयंडे आणि कूलरची खिडकी पाहून घ्या

बर्मिंगहॅम, ९ मार्च

ती. आप्पा आणि ती. माय यांना साष्टांग नमस्कार,

चैत्रात गडाची यात्रा, मग आखाजी, मग लग्नसराई. घराला कुलूप लागायचे दिवस आता सुरू होतील, आणि घरी असलात तरी उकाड्यामुळे सगळे गच्चीवर झोपाल. भाऊ कॅमेरा घ्यायचं म्हणतोय. घेऊ, पण नंतर. कॅमेऱ्यात चोर दिसतो, अडत नाही. त्याहून कमी पैशांत सुतार आणि वेल्डिंगवाला जे करून देतील ते आधी व्हावं. तुम्ही दोघंच घरी असता, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम कोयंड्याचं. घरफोडीच्या बातमीत ‘कडीकोयंडा तोडून’ असंच वाचायला मिळतं, ते उगीच नाही. चोर कुलपाच्या नादी लागत नाही. कटावणी कोयंड्याखाली घालून हिसका दिला की अर्ध्या-पाऊण इंचाचे स्क्रू लाकडातून उपटून येतात आणि महागाचं कुलूप तसंच लोंबकळत राहतं. दाराच्या फळीवरचे स्क्रू काढून ८ मिमीचे आरपार बोल्ट घालायला सांगा. गोल डोक्याचे, डोक्याखाली चौकोनी मान असलेले. दुकानात कॅरेज बोल्ट म्हणून मिळतात. डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली ३ मिमी जाड लोखंडी पट्टी. भोक कानशीने चौकोनी करून मान त्यात नीट बसवावी, नाहीतर नट आवळताना बोल्ट जागीच फिरत राहतो.

चौकटीच्या बाजूला आरपार बोल्ट जात नाही. इकडे जुन्या लाकडी चौकटींना उभी लोखंडी पट्टी मारतात, तिला लंडन बार म्हणतात. तीच युक्ती आपल्याकडे करता येईल: ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड, चार फूट लांब पट्टी घ्यायची, कोयंडा तिलाच वेल्ड करायचा आणि पट्टी तीन इंची स्क्रूंनी चौकटीला बसवायची. मग हिसका दोन स्क्रूंवर न येता आठांवर वाटला जातो. भोकं सरळ एका रेषेत नकोत, डावी-उजवी हवीत. एका रेषेत पाडली तर सागाची चौकट रेषेवरच चिरते. स्क्रूच्या आधी बारीक ड्रिल मारावं आणि आट्यांना साबण लावावा. बाहेरच्या कुलपाची दांडी १० मिमी जाड आणि आखूड असावी, म्हणजे तिच्यात टॉमी घालायला जागा उरत नाही.

मागचं दार परसात उघडतं, म्हणून बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर आहेत. खिळी ठोकून काढली की कुलपासकट दार निघतं. वरच्या आणि खालच्या बिजागरीचा समोरासमोरचा एकेक स्क्रू काढा, चौकटीकडच्या भोकात तीन इंची खिळा ठोकून त्याचं डोकं कापा आणि अर्धा इंच बाहेर ठेवा. समोरचं भोक थोडं मोठं केलं की दार लावताना खिळा त्यात जाऊन बसतो. मग खिळी काढली तरी दार हलत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी कूलरच्या खिडकीची आहे. तोंड बसावं म्हणून गज कापले, ती जागा दीड फूट लांब-रुंद आहे. कूलर बाजूला सरकवला की माणूस सहज आत येतो, आणि पंख्याच्या आवाजात खोलीतल्यांना पत्ता लागत नाही. त्या तोंडाला आतून २५ मिमी अँगलची चौकट करून १२ मिमीचे तीन उभे चौकोनी गज वेल्ड करून घ्या. मधे साधारण चार इंचांची फट राहते, हात जातो, माणूस जात नाही. हवेची वाट दहाव्या हिश्शानेही कमी होत नाही. चौकट चार लोखंडी पकडींनी भिंतीत चार इंच खोल बसवावी, सिमेंट-वाळूचा माल एकास तीन, आणि आठवडाभर ओलं गोणपाट ठेवावं. आपल्या उन्हात पाणी कमी पडलं तर सिमेंट भुसभुशीत राहतं. स्क्रू वापरले तर त्यांची डोकी बाहेरून पोचतील अशी ठेवू देऊ नका. गज आणि कूलरचा पत्रा यांत इंचभर अंतर हवं, आणि कूलरला तीन पिनांचा प्लग व चालू अर्थिंग हवंच. गजांत किंवा कुंपणात करंट सोडायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. आधी घरचं लेकरू किंवा गाय मरते, आणि तो गुन्हाही आहे.

गच्चीवर जाताना खालचं दार नुसतं ओढून घेऊ नका. शेवटी वर येणाऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्ली उशाशी. घरात झोपत असाल तेव्हा बाहेरच्या कोयंड्यात एक छोटं कुलूप नुसतं अडकवून लावून ठेवा. चोर आधी आसपासच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे हाक मारली तरी कोणी बाहेर येत नाही. कोयंड्यात कुलूप असलं की कडी बसतच नाही. गल्लीतल्या सगळ्यांना हे सांगा. गावाला जाल तेव्हा शेजारच्या काकूंना दारात सकाळी सडा टाकायला सांगा. चार दिवस सडा नाही, ओट्यावर धूळ, एवढ्यावरून बंद घर ओळखू येतं. पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा, आणि ११२ नंबर मायच्या फोनमध्ये घाला.

सेन्सरचा दिवा परसात लावायला हरकत नाही. तो अंगाची आणि आसपासची उष्णता यांतला फरक ओळखतो, त्यामुळे मे महिन्यात भिंती रात्रीही तापलेल्या असतात तेव्हा त्याचा पल्ला घटतो. सात-आठ फूट उंचीवर, येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल असा बसवा; थेट अंगावर येणारा त्याला उशिरा कळतो. दार उघडलं की वाजणारा चुंबकाचा भोंगा लावणार असाल तर लोखंडी दारावर चुंबकाखाली पाव इंच लाकडाची चकती घाला, नाहीतर चुंबकाचा जोर कमी पडून भोंगा वेळी-अवेळी वाजतो आणि मग तो काढूनच टाकला जातो. सोबतची डिंकाची पट्टी उन्हाळ्यात सुटते, बारीक स्क्रू वापरा.

भाऊला दोन मापं घेऊन कळवायला सांगा: कूलरच्या तोंडाची लांबी-रुंदी आणि पुढच्या दाराच्या फळीची जाडी. जाडीत नट आणि पट्टीसाठी अर्धा इंच मिळवून बोल्टची लांबी ठरते. पैसे शनिवारी पाठवतो.

तुमचा,
राजू