उन्हाळी ब्रिटन सहल व मुलांचे शिबिर : सहभागी सभासदांसाठी सूचना

सर्व सहभागी सभासदांस कळविण्यात येते की, जुलैअखेर निघणाऱ्या ब्रिटन सहलीच्या व्हिसाची कागदपत्रे आता तयार करावयाची आहेत. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर पर्यटन, मित्रांकडील मुक्काम आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवी काम या तिन्ही गोष्टी करता येतात. मुलांच्या शिबिरातील आपले काम याच स्वयंसेवी प्रकारात मोडते. मात्र असे काम 30 दिवसांपेक्षा अधिक करता येत नाही व त्याचा मोबदलाही घेता येत नाही. अर्जात केवळ पर्यटन लिहून शिबिराचा उल्लेख टाळावा, असा सल्ला कोणी देत असल्यास तो कृपया मानू नये. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो.

शिबिरात लहान मुलांची जबाबदारी असल्याने आयोजकांना स्वयंसेवकांच्या चारित्र्याची पडताळणी हवी असते. ब्रिटनमधील तपासणीत भारतातील पोलीस नोंदी पाहिल्या जात नाहीत, म्हणून स्थानिक पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र प्रत्येकाने काढावे आणि पोलीस ठाण्याची पडताळणी लागू शकते हे ध्यानात घेऊन ते काम लांबणीवर टाकू नये. मुलांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. आपल्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नयेत.

शिबिरानंतर लेक डिस्ट्रिक्ट (इंग्लंडमधील सरोवरांचा डोंगराळ प्रदेश) व एडिंबरा पाहावयाचे आहे. ऑगस्टमध्ये एडिंबऱ्यात फ्रिंज हा नाटक व कलांचा मोठा महोत्सव असल्याने खोल्या महाग व दुर्मीळ होतात. ज्यांचे मित्र तेथे आहेत त्यांनी त्यांच्याकडील मुक्काम आधीच ठरवून पत्ता अर्जात द्यावा. लेक डिस्ट्रिक्टमध्ये भर उन्हाळ्यातही पाऊस असतो, त्यामुळे रेनकोट अवश्य घ्यावा.