जामीन मंजूर, सुटका नाही : गृहमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जामीन मिळूनही कारागृहात राहणाऱ्या न्यायाधीन बंद्यांसाठी कायद्यात करायची तरतूद

महोदय,

‘आरोपीने रु. १५,००० चा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार दिल्यास त्याला मुक्त करावे.’ रक्कम बदलते, पण जामिनाच्या आदेशातले हे वाक्य सहसा बदलत नाही. जातमुचलक्यावर आरोपी स्वतः सही करतो, ते काम पाच मिनिटांचे. घोडे अडते ते जामीनदारापाशी. कधी आठवडाभर, कधी महिनोन्‌महिने. न्यायाधीशाने ज्याला सोडायचे ठरवले आहे तो माणूस नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात सरकारी खर्चाने जेवतो आहे, आणि त्याला आत ठेवा असा आदेश कोणाचाच नाही. फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुरक्षेचे नवे कायदे करताना शिक्षा वाढवण्याची चर्चा पुष्कळ होते. या वाक्याच्या उत्तरार्धाबद्दल विधिमंडळात बोलले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी लायक जामीनदार म्हणजे कोण ते पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४८५ मध्ये जमिनीचा उल्लेख नाही. जामीनदार पुरेसा आहे की नाही हे ठरवताना न्यायालय प्रतिज्ञापत्र स्वीकारू शकते, गरज वाटली तर चौकशी करू शकते, एवढेच कलम सांगते. कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे लिहून द्यायचे असते. प्रत्यक्षात मात्र न्यायालयातल्या टेबलावर मागितले जाते ते असे : ताजा सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, शहरातला असेल तर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगाराचा दाखला, आणि रक्कम मोठी असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. यातले एक कमी पडले की ‘उद्या या’. सुरगाण्याहून किंवा हरसूलहून आलेल्या माणसाच्या दृष्टीने ‘उद्या’ म्हणजे आणखी एक बुडालेला रोज आणि एसटीचे दोन्हीकडचे भाडे.

नाशिक जिल्ह्यात या कागदांची एक खास अडचण आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी या भागांत अनेक आदिवासी कुटुंबांकडे जमिनीचा कागद म्हणून वनपट्टा आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(४) नुसार हा हक्क वारसाला मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. ज्यांच्याकडे स्वतःच्या मालकीचा सातबारा आहे, त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन आहे. परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या वर्ग २ च्या जमिनीचेही तसेच. मग टेबलामागचा माणूस म्हणतो, ही जमीन उद्या विकता येणार नाही, म्हणजे ऐपत नाही. हा तर्कच चुकीचा आहे. आरोपी गैरहजर राहिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ प्रमाणे आधी जामीनदाराला नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते, न्यायालय दंडाची काही रक्कम माफही करू शकते, आणि उरलेली रक्कम दंडासारखी वसूल होते. जामीनदारी म्हणजे गहाणखत नव्हे. तरीही काही ठिकाणी तलाठ्याला पत्र देऊन सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त बोजा चढवला जातो. खटला संपल्यावर तो उतरवायला पुन्हा अर्ज, पुन्हा आदेश. पीककर्जाच्या वेळी सोसायटीचा सचिव त्या नोंदीवर बोट ठेवतो. असे एकदा झाले की गावात पुढच्या वेळी कोणी जामीन राहायला तयार होत नाही, सख्खा चुलतासुद्धा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारा परप्रांतीय मजूर, किंवा द्राक्षछाटणीला दिंडोरी-निफाडकडे उतरलेला मजूर, यांची अडचण याहून साधी आहे. इथे त्यांचे कोणी नाही. पेठ-सुरगाण्याच्या कित्येक कुटुंबांची सोयरीक सीमेपलीकडे गुजरातेत आहे आणि तिकडचा जामीनदार इकडे चालत नाही असे तोंडी सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम खटल्यात १९७८ सालीच हा आग्रह चुकीचा ठरवला होता. तो आरोपी गवंडी होता, त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला गेला. या गोष्टीला ४५ वर्षे उलटून गेली. तोंडी नकाराला अपील नसते, म्हणून तो अजून टिकून आहे.

जिथे खरा जामीनदार मिळत नाही तिथे भाड्याचा मिळतो. न्यायालयांच्या आवाराबाहेर धंदेवाईक जामीनदार कसे मिळतात हे आपल्या खात्याला आम्ही सांगायला नको. बनावट रेशनकार्ड, दुसऱ्याच कोणाचा तरी सातबारा, किंवा एकच सातबारा दहा खटल्यांत. म्हणजे कागदांची कडक मागणी गरीब आणि प्रामाणिक माणसाला अडवते, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याला खोटा कागद विकत घेऊन बाहेर पडू देते. सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने यापेक्षा उलटी व्यवस्था शोधून सापडायची नाही. असा आरोपी पळाला की पोलीस जामीनदाराच्या पत्त्यावर जातात, आणि तिथे त्या नावाचे कोणी राहतच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याच प्रश्नावर सात निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकाकडे जावी. जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणक प्रणालीत नोंदवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. सचिवांनी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा विधी स्वयंसेवकाकडून बंद्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल करून तो न्यायालयासमोर ठेवावा. बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असे बंदी म्हणाला तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार व्हावा. महिना उलटला तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट नको.

निर्देश चांगले आहेत, पण साखळी दोन ठिकाणी तुटते. पहिले ठिकाण नोंदीचे. एका बंद्यावर दोन-तीन गुन्हे असतात, एकात जामीन मिळतो, दुसऱ्यात मिळालेला नसतो. मग सात दिवस कुठून मोजायचे हा प्रश्न पडतो आणि मोजणीच सुरू होत नाही. सुटकेचा आदेश आला तरी त्यात एक कलम लिहायचे राहिलेले असते किंवा नावाचे स्पेलिंग कारागृहाच्या नोंदीशी जुळत नाही. तो परत जातो आणि शनिवार-रविवार मध्ये पडतो. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. सुटकेच्या आदेशावर आणि कारागृहाच्या नोंदीत तो सक्तीचा केला तर स्पेलिंगचा वाद उरत नाही.

दुसरे ठिकाण माणसांचे. परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचा, त्याच्याकडे बालकांची प्रकरणे आधीच ओसंडून वाहत असतात. गृह विभागाचा बंदी, न्यायालयाचा आदेश आणि तिसऱ्याच विभागाचा कर्मचारी. अहवाल मागितला कोणी, किती दिवसांत द्यायचा, प्रवासखर्च कुठल्या शीर्षातून, हे कुठेच लिहिलेले नाही. लिहिलेले नसेल तर तो अहवाल होत नाही, हा सरकारी कामाचा साधा नियम.

आता पैशाचे. गरीब बंद्यांना साहाय्य देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत न्यायाधीन बंद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली. निर्णय घेते जिल्हाधिकाऱ्यांची समिती. कागदावर योजना नीट दिसते, मग पैसे पडून का राहतात? योजना देते रोख रक्कम, आणि आदेश मागतो माणूस, म्हणजे जामीनदार. पंधरा हजार रुपये समितीने मंजूर केले तरी ते भरायचे कुठे? त्याआधी न्यायालयात अर्ज करून कलम ४९० खाली जामीनदाराऐवजी रोख रक्कम स्वीकारण्याची परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज करायचा कोणी, लोकअभिरक्षक कार्यालयाने (गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा कार्यालयाने) की बंद्याच्या खासगी वकिलाने, हे ठरलेले नसल्याने कोणीच करत नाही. आणि परवानगी अनेकदा चार-सहा आठवड्यांपुरतीच मिळते. ‘तात्पुरता रोख जामीन, तोवर जामीनदार द्यावा.’ मुदत संपली की पुन्हा तोच माणूस, तोच सातबारा.

कलम ४७९ बद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे, इतरांना निम्म्या काळानंतर. साध्या चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे एक वर्ष. राहत्या घरातल्या चोरीला सात, म्हणजे दोन वर्षे चार महिने. हे जुन्या खटल्यांनाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरताच अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची आहे. पण ‘पहिल्यांदाच’ याचा अर्थ कायद्यात आहे तो पूर्वी शिक्षा न झालेला असा. पूर्वी गुन्हा दाखल झाला होता आणि त्यातून सुटला, असा माणूसही पहिल्यांदाच गुन्हा करणारा ठरतो. यादी करताना पोलिसांच्या अभिलेखात ‘गुन्हे दाखल’ दिसले की नाव वगळले जाते. त्याहून मोठी खोच पोटकलम (२) मध्ये आहे. एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल तर ही सवलत नाही. शब्दशः घेतले तर एकाच भांडणात मारहाण, शिवीगाळ आणि धमकी अशी तीन कलमे लागली की झाले तीन गुन्हे. एका कलमाचा गुन्हा आम्हाला तरी क्वचितच दिसतो.

म्हणून मागणी. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. राज्याला संहितेत दुरुस्ती करता येते, पण केंद्रीय कायद्याशी विसंगत भागाला अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती लागते. २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले, महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक याच संमतीअभावी कायदा होऊ शकले नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा सगळे एका विधेयकात कोंबू नये. संमती लागेल असा मजकूर दोन कलमांपुरता ठेवावा. एक, जामीनपात्र गुन्ह्यात आज कलम ४७८ च्या स्पष्टीकरणात असे गृहीतक आहे की अटकेनंतर आठवड्यात जामीन देऊ न शकणारा माणूस निर्धन समजावा आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावे. हेच गृहीतक सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अजामीनपात्र गुन्ह्यांत, जामीन मंजूर झाल्याच्या तारखेपासून सात दिवसांनी लागू करावे. आठव्या दिवशी न्यायालयाला वेगळे काही करायचे असेल तर कारण लिहावे. दोन, एकाच घटनेतून लागलेली कलमे म्हणजे कलम ४७९(२) मधले ‘एकापेक्षा जास्त गुन्हे’ नव्हेत, असे स्पष्टीकरण घालावे.

बाकीचे काम संमतीशिवाय होते. कारागृहे हा राज्यसूचीतला विषय, तेव्हा सीएनआर क्रमांक, सात दिवसांची मोजणी आणि ती चुकल्यास उत्तरदायी अधिकारी हे कारागृहाच्या नियमांत बसते. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाला पाच दिवसांची मुदत आणि प्रवासभत्ता देणारा शासन निर्णय गृह आणि महिला व बालविकास या दोन विभागांनी मिळून काढावा. जामिनासाठीच्या ऐपतीच्या दाखल्यात वनपट्टा व वर्ग २ ची जमीन नाकारू नये, असे महसूल विभागाने तहसीलदारांना लेखी कळवावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि ऑनलाइन पडताळता येतो, मग पडताळणीसाठी माणसाला पोलीस ठाण्यात आणि तलाठ्याकडे पाठवू नये. जामीनदारांची एक राज्यव्यापी नोंद उच्च न्यायालयाच्या संमतीने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणक प्रणालीला जोडली तर कलम ४८६ चे प्रतिज्ञापत्र खरे की खोटे हे त्याच मिनिटाला कळेल. भाड्याच्या जामीनदारांचा धंदा छाप्यांनी बसणार नाही, या नोंदीने बसेल.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूचे लोकही विसरतात. आरोपी कधी सुटला हे फिर्यादीला कोणी सांगत नाही. घरगुती मारहाणीच्या प्रकरणात तो दारात उभा राहतो तेव्हाच तिला कळते. सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचला की फिर्यादीच्या मोबाइलवर मराठीत संदेश जावा आणि संबंधित ठाण्याच्या अंमलदाराने फोन करावा. ही तरतूद नसेल तर वरच्या दोन कलमांना आम्हीच पाठिंबा देणार नाही.

शेवटी सिंहस्थ. २०२७ च्या पर्वण्यांआधी शहरात प्रतिबंधक कारवाया वाढतील. कलम १२६, १२८, १२९ खालच्या चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता व चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारी प्रकरणे, पोलीस आयुक्तालयात पोलीस अधिकारीच कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालवतात, आणि बंधपत्र न दिल्यास कलम १४१ प्रमाणे माणूस थेट कारागृहात जातो. गोदाघाटावर झोपणाऱ्या, रामकुंडाजवळ फुले विकणाऱ्या माणसाकडे लायक जामीनदार मागितला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. आयुक्तालयासाठी आताच परिपत्रक काढावे : बेघर व फेरीवाल्यांकडून चॅप्टर केसमध्ये फक्त जातमुचलका घ्यावा, जामीनदार हवा असेल तर कारण रोजनाम्यात लिहावे, आणि सुनावणीच्या दिवशी लोकअभिरक्षक कार्यालयातला एक वकील तिथे हजर असावा.

विधेयकाचा मसुदा करताना मराठी प्रत आधी प्रसिद्ध करून हरकतींना तीस दिवस द्यावेत. नाशिक जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांतल्या कागदांच्या प्रत्यक्ष मागणीचे तक्ते आम्ही त्या मुदतीत सादर करू.

कळावे,
आपले,
फौजदारी व विधी साहाय्याच्या कामातील वकील आणि विधी स्वयंसेवक
नाशिक