तेल नको, असं नाही, काळं तेल नको

संपादक साहेब, नमस्कार.

आईचं कोलेस्टेरॉल वाढलं तर कुणीतरी सांगितलं तेल-तूप एकदम बंद, आणि तिने सहा महिने भाज्या नुसत्या पाण्यात शिजवून खाल्ल्या, मला फार वाईट वाटतं याचं. अहो, ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स फॅटमध्येच विरघळतात, गाजर-मेथीतलं सत्त्व अंगी लागायला फोडणीचं चमचाभर तेल लागतंच. 1 ग्रॅम फॅटमध्ये 9 कॅलरी, म्हणून मोजून घ्या हे मान्य, पण जवसाची, कारळ्याची चटणी कशाला सोडायची? जवसात तर ओमेगा-3 असतं.

खरी काळजी वेगळीच आहे. वड्याच्या गाड्यांवर तेच तेल दिवसभर उकळतं, काळं पडतं आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन ओततात. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे की तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, 2022 पासून वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक फॅट, तेही 2 टक्क्यांच्या आत हवं, पण गाडीवर तपासायला येतं कोण? तेलात हे कंपाउंड्स मोजायचा मीटर बुडवला की लगेच कळतं, निदान जत्रेच्या आधी तरी तेवढं करा की.

- एक वाचक, सातारा